पोस्टमनच्या थैलीतले धान्य

भुकेल्याला घास देणे हे पुण्याचे काम, असे आपल्या घराघरांतून शिकवले जाते. कामगार चळवळीचे म्हणणे जरा वेगळे आहे. पोटभर अन्न हा माणसाचा हक्क आहे आणि हक्काची वस्तू दान म्हणून घेण्याची वेळ कोणावर येऊ नये, असे ती सांगते. म्हणूनच धान्य गोळा करण्याचा, अन्नबँकेत स्वयंसेवक म्हणून राबण्याचा विषय निघाला की युनियनच्या बैठकीत दोन तट पडतात. एक म्हणतो, हे काम ट्रस्टवाल्यांचे आणि देवस्थानांचे. आपण मागण्या मांडाव्यात, लढावे. दुसरा विचारतो, लढ्याचा निकाल लागेपर्यंत ज्याच्या घरी आज चूल पेटणार नाही त्याने काय करायचे? आमच्या मते दोघांचेही म्हणणे खरे आहे. या दोघांना एकत्र बसून विचार करायला लावील असे एक उदाहरण टपाल कामगारांनीच घालून दिले आहे. ते आपल्या देशातले नाही, अमेरिकेतले आहे. पण काम आपल्याच जातकुळीचे आहे.

मे महिन्यातला दुसरा शनिवार

अमेरिकेत ‘फूड बँक’ म्हणजे अन्नधान्याचे मोठे गोदाम. अशी पहिली बँक १९६७ साली अ‍ॅरिझोना राज्यातील फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल यांनी सुरू केली. खाण्याजोगा असूनही विकला न जाणारा माल जमवायचा, निवडायचा आणि त्या टापूतल्या लहान वाटप केंद्रांना व अन्नछत्रांना पुरवायचा, असे तिचे स्वरूप. निवडणे, बांधणे, गाडीत चढवणे ही कामे मोठ्या प्रमाणावर स्वयंसेवक करतात.

तेथील पोस्टमनांच्या संघटनेने, नॅशनल असोसिएशन ऑफ लेटर कॅरियर्सने, ऑक्टोबर १९९१ मध्ये दहा शहरांत एक प्रयोग केला. बटवड्याला निघालेल्या पोस्टमनने घरोघरच्या टपालपेटीपाशी लोकांनी ठेवलेले डबाबंद व टिकाऊ अन्न उचलून आणायचे आणि ते जवळच्या अन्नबँकेत पोहोचवायचे. प्रयोग जमला. १५ मे १९९३ रोजी पहिली देशव्यापी मोहीम झाली. संघटनेच्या २२० हून अधिक शाखा तिच्यात उतरल्या आणि एका दिवसात एक कोटी दहा लाख पौंड, म्हणजे सुमारे ५० लाख किलो अन्न जमले. तेव्हापासून मे महिन्याचा दुसरा शनिवार या कामासाठी ठरून गेला. कोविडच्या साथीमुळे मध्ये खंड पडला, पण मोहीम पुन्हा उभी राहिली. २०१० पर्यंतची एकूण बेरीज शंभर कोटी पौंडांच्या, म्हणजे सुमारे ४५ कोटी किलोंच्या पुढे गेली.

हे साधले कसे, ते नीट पाहिले पाहिजे. या कामगारांनी नवी यंत्रणा उभारली नाही, जी होती तीच वापरली. पोस्टमनची बीट प्रत्येक दारावरून जाते; त्या फेरीला त्यांनी एक काम जोडले. सॉर्टिंगला आणि गाड्या भरायला निवृत्त सभासद, घरची माणसे आणि इतर युनियनचे साथी आले. दिवससुद्धा सोयीचा म्हणून निवडला नाही. नाताळच्या सुमारास देणगीचा पूर येतो आणि वसंत सरता सरता गोदामे रिकामी होतात. त्यातच उन्हाळी सुट्टी लागली की शाळेतले जेवण थांबते आणि गरिबांची मुले घरी उपाशी राहतात. म्हणून मे महिना. शिवाय ज्या गावात अन्न जमले ते त्याच भागात वाटायचे, असा नियम ठेवला. देणाऱ्याला आपले धान्य कुठे गेले ते कळते.

गणित काय सांगते

आता दुसरी बाजू. आपल्या देशात अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली झाला. त्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत केले गेले. लाभधारक ८० कोटींच्या घरात धरले, तर माणशी ५ किलोप्रमाणे महिन्याला ४०० कोटी किलो धान्य लागते. दिवसाला तेरा कोटींहून जास्त. म्हणजे अमेरिकेतील लाखो पोस्टमन आणि स्वयंसेवकांनी अठरा मोहिमांत जे जमवले, ते आपल्या रेशन व्यवस्थेच्या साडेतीन दिवसांच्या वाटपाइतके झाले.

त्या साथींना कमी लेखण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. त्यांच्या मेहनतीला आमचा लाल सलाम. पण दान किती दूर जाऊ शकते आणि कायद्याने दिलेला हक्क किती दूर जातो, हे या आकड्यांतून दिसते. अमेरिकेतील अन्नबँकांचे जाळेही हेच सांगते : आपण एक जेवण पुरवतो तेव्हा सरकारची अन्नसाहाय्य योजना नऊ जेवणे पुरवते. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथले केंद्र सरकारचे कामकाज ४३ दिवस बंद पडले, सुमारे सव्वाचार कोटी लोकांची ही मदत अडकली, आणि अन्नबँकांपुढे रांगा लागल्या. त्या रांगांत पगार थांबलेले सरकारी कर्मचारीही होते. नोकरी पक्की म्हणून भूक दूर, असे समजणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे.

कायदा आहे, तरी माणूस बाहेर

मग आपल्याकडे कायदा असताना स्वयंसेवकाची गरज काय? गरज आहे, कारण कायदा आणि ताट यांच्यामध्ये पुष्कळ दारे आहेत. लाभधारकांचा कोटा २०११ च्या जनगणनेवर बांधला गेला. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही आणि वाढलेली माणसे त्या कोट्याबाहेर राहिली. कष्टकऱ्याच्या झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्र ओळखत नाही. २०१७ साली झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची एक मुलगी गेली. आधार जोडले नाही म्हणून त्या घराचे रेशनकार्ड रद्द झाले होते आणि कित्येक महिने धान्य मिळाले नव्हते. सरकारने तो भूकबळी मानला नाही. कार्ड रद्द झाले होते, हे मात्र कोणाला नाकारता आले नाही.

आणि ८ मे २०२० ची पहाट रेल्वे कामगाराने विसरू नये. टाळेबंदीत जालन्याहून भुसावळकडे पायी निघालेले सोळा मजूर करमाडजवळ रुळांवर विसावले आणि मालगाडीखाली सापडले. त्यांच्या शिदोरीतल्या पोळ्या रुळांवर विखुरल्या होत्या. त्याच काळात रेल्वेच्या स्वयंपाकघरांतून शिजवलेले अन्न वाटले जात होते, मालगाड्या धान्य घेऊन देशभर धावत होत्या. देशात धान्य होते, वाहून नेणारे हातही होते. चालणाऱ्या माणसापर्यंत मात्र ते पोहोचले नाही.

हे पोहोचवण्याचे काम आपण ओळखतो. पंजाब-हरियाणाचा गहू मनमाडच्या अन्न महामंडळाच्या गोदामात येतो तो आपल्याच वाघिणींतून. तो उतरवतात माथाडी आणि हमाल. पोस्टमनला आपल्या बीटवर कोण एकटे राहते, कोणाची मनिऑर्डर बंद झाली, कोणते म्हातारे जोडपे दार उघडायला वेळ लावते, हे कोणत्याही यादीपेक्षा चांगले ठाऊक असते. आणि संपाच्या काळात दुसऱ्याच्या चुलीवर जगणे म्हणजे काय, हेही आपली चळवळ जाणते. गिरणगावच्या खाणावळवाल्या बायांनी गिरण्यांच्या संपात कामगारांना उधारीवर जेवू घातले. त्याच बायांना घेऊन प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. त्या बायांनी कामगाराला भीक घातली नाही. त्याची उधारी वहीत लिहिली आणि त्याचा मान राखला.

शाखांनी काय करावे

आमचा आग्रह असा की प्रत्येक शाखेने धान्याची पेटी आणि अर्जांचा गठ्ठा एकाच टेबलावर ठेवावा.

पेटीत काय घ्यावे? रेशनवर गहू-तांदूळ मिळतो. डाळ, तेल, शेंगदाणे मिळत नाहीत. म्हणून सभासदाने महिन्याला किलोभर डाळ किंवा तेलाची पिशवी द्यावी. बंद पाकीट, तारीख शिल्लक असलेला माल. घरात नकोसा झालेला माल गरिबाच्या माथी मारू नये. वेळही गरज पाहून ठरवावी. मेमध्ये शाळा बंद, मध्यान्ह भोजन बंद. टंचाईग्रस्त भागात सुट्टीतही जेवण द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालीच बजावले आहे, ते आपल्या तालुक्यात होते का ते पाहावे. मेळघाट आणि नंदुरबारच्या पाड्यांवर पावसाळ्याचे महिने सर्वांत कठीण. तिथल्या शाखांनी तेव्हा कंबर कसावी.

अर्जांच्या टेबलावर आठवड्यातून एक संध्याकाळ दोन साथींनी बसावे. नवे कार्ड, नाव वाढवणे, ठसा न जुळणे, परराज्यातल्या कार्डावर इथे धान्य घेणे, दुकानदाराने कमी मापणे, यांपैकी जे असेल त्याचा अर्ज लिहून द्यावा आणि पोच घ्यावी. कायद्यात जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे, राज्य अन्न आयोग आहे, दुकानावर दक्षता समिती आहे. हक्काचे धान्य दिले नाही तर त्याबदली भत्ता देण्याची तरतूद आहे. ही कलमे कागदावर झोपली आहेत, त्यांना उठवायला लिहिता-वाचता येणारी, सरकारी कचेरीची भाषा जाणणारी माणसे हवीत. ती आपल्यात आहेत. निवृत्त सभासदांना तर याहून चांगले काम दुसरे नाही.

तीन पथ्ये मात्र पाळावीत. घेणाऱ्याचा फोटो काढू नये. नोकरीमुळे समजलेले कोणाचे हाल त्याच्या संमतीवाचून बाहेर बोलू नयेत. आणि आपल्याच स्टेशनवर झाडू मारणारा कंत्राटी कामगार पेटीपाशी आला, तर त्याला डाळ देऊन मोकळे होऊ नये. त्याचा पगार का थकला, किमान वेतन मिळते का, हे विचारून दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबत अधिकाऱ्याकडे जावे. त्याची भूक आपल्याच आवारात तयार होते आहे.

साथींनो, अन्नाचा हक्क आपल्याला कोणी दयेने दिलेला नाही. राजस्थानात लोक उपाशी आणि सरकारी गोदामे भरलेली, अशी स्थिती असताना २००१ साली नागरी हक्क संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यातून शाळेतले शिजवलेले जेवण आले, पुढे कायदा आला. तो टिकवायचा तर तो वापरणारी आणि त्यावर पहारा ठेवणारी माणसे गावोगाव लागतील. येत्या शाखा सभेत हा विषय पत्रिकेवर घ्या, दोन नावे ठरवा, एक वार ठरवा. पहिल्या महिन्यात पेटीत किती किलो जमले आणि किती अर्ज मार्गी लागले, दोन्ही आकडे आम्हांला कळवा. दुसऱ्या आकड्याची वाट आम्ही अधिक उत्सुकतेने पाहू.