'भीगी भीगी'च्या आधीचा मणिदा

२००६ सालच्या उन्हाळ्यात अनुराग बसू यांचा 'गँगस्टर' आला आणि त्यातलं 'भीगी भीगी' रिक्षांपासून कॉलेजच्या गॅदरिंगपर्यंत सगळीकडे वाजू लागलं. गायक होता बांगलादेशातला रॉक स्टार जेम्स. त्याचा घोगरा, ताणलेला आवाज आपल्याकडच्या घराघरांत पोचला तो या एका गाण्यामुळे. तरुण पोरं पावसात भिजत हे गाणं गुणगुणायची आणि संगीतकार प्रीतमला दाद द्यायची.

कोलकात्यात मात्र चाल कानावर पडताच अनेकांनी भुवया उंचावल्या. कारण ही चाल त्यांच्या घरातल्या एका जुन्या कॅसेटमध्ये १९९५ पासून होती! गाण्याचं नाव 'पृथिबीटा नाकि'. त्यात पाऊस नाही, विरह नाही, प्रेयसीही नाही. आहे तो दिवाणखान्यातला टीव्ही. सॅटेलाइट आणि केबलमुळे सगळं जग म्हणे लहान होत होत त्या डब्यात येऊन बसलंय, पण तुम्ही आणि मी एकमेकांपासून किती लांब सरकत चाललोय याचा हिशेब कुणी केलाय का, असं ते गाणं विचारतं. आपल्याकडे केबलवाला नुकताच गच्चीवरून वायरी टाकू लागला होता, तेव्हाची ही गोष्ट. मोबाइल यायचा होता.

ती कॅसेट ज्याच्या पुढाकाराने निघाली तो गौतम चट्टोपाध्याय 'गँगस्टर' पाहायला नव्हता. २० जून १९९९ रोजी, वयाच्या पन्नाशीतच तो गेला. धाकटी मंडळी त्याला 'मणिदा' म्हणत. बंगालबाहेर हे नाव अजूनही फारसं कुणाला ठाऊक नाही. बंगाली येत नसलं तरी चालेल, पण हा माणूस ऐकायला हवा. कुठून सुरुवात करायची, एवढंच सांगणारा कुणीतरी लागतो.

सुरुवात पार्क स्ट्रीटपासून करू या. साठच्या दशकातलं कलकत्ता म्हणजे रात्रीच्या संगीताची राजधानी. 'ट्रिंकाज', 'मूलाँ रूज', 'ब्लू फॉक्स' अशी एकाहून एक रेस्तराँ आणि प्रत्येकाचा स्वतःचा बँड. मुंबईत वाढलेली उषा अय्यर (पुढची उषा उत्थुप) कांजीवरम साडीत इंग्रजी गाणी गाऊन ट्रिंकाजचं गिऱ्हाईक थक्क करायची ती याच काळात. प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकणारा गौतमही या गल्लीत शिरला. अँग्लो-इंडियन मित्रांबरोबर त्याचा 'द अर्ज' नावाचा बँड होता. हातात गिटार, ओठांवर इंग्रजी गाणी. तो तिथेच रमला असता तर पार्क स्ट्रीटवरच्या डझनभर गुणी वादकांपैकी एक म्हणून विसरला गेला असता.

पण बाहेर नक्षलबारीची आग पेटली होती. प्रेसिडेन्सीतली हुशार पोरं पुस्तकं टाकून खेड्यांत निघाली होती. गौतमही त्यांच्यात ओढला गेला. व्हायचं तेच झालं. पोलिसांनी पकडलं, तुरुंगवास घडला आणि सुटल्यावर बंगालबाहेर राहायची वेळ आली. रात्री पार्क स्ट्रीट गाजवणारा हा गडी मग भोपाळ-जबलपूरकडे औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणून बॅग घेऊन हिंडू लागला. मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह! डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये बसून त्याच्या डोक्यात कुठली गाणी चालली असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर तो परतला. दक्षिण कलकत्त्यातल्या नाकतल्याच्या घरात मग गाण्याचा अड्डा जमला. भाऊ प्रदीप आणि विश्वनाथ, तापस दास, तपेश बंद्योपाध्याय, रंजन घोषाल, एब्राहम मजुमदार असे सातजण. कुणी गिटार घेतली, कुणी बासरी, कुणी ड्रम्स, एब्राहमने व्हायोलिन आणि पियानो. गौतम गायचा, गिटार वाजवायचा आणि सॅक्सोफोनही फुंकायचा.

नावाचं मात्र काही केल्या ठरेना. सातजण म्हणून आधी 'सप्तर्षी', मग 'तीरंदाज', मग चक्क 'गौतम चट्टोपाध्याय बी.एससी. ओ सम्प्रदाय'! आपल्याकडे जुन्या पुस्तकांवर लेखकाच्या नावापुढे 'बी.ए., एलएल.बी.' छापायचे, त्यातलाच हा थाट. शेवटी रंजन घोषालने नाव सुचवलं 'महीनेर घोड़ागुलि', म्हणजे महीनचे घोडे. जीवनानंद दासांच्या 'घोड़ा' या कवितेत हे घोडे चांदण्यात चरतात. महीन कोण, हे कविता सांगत नाही. बँडनेही कधी सांगण्याची तसदी घेतली नाही.

हे सगळं किती धाडसाचं होतं, हे कळायला तेव्हाची बंगाली घरं डोळ्यांपुढे आणायला हवीत. आपल्याकडे भावगीत आणि नाट्यगीत मिळून जी जागा व्यापतात, ती सगळी तिथे एकट्या रवींद्रसंगीताने व्यापली होती. आणि त्यावर पहारा! रवींद्रनाथांच्या गाण्यांचे हक्क २००१ अखेरपर्यंत विश्वभारतीकडे होते. ध्वनिमुद्रिका काढायची तर त्यांच्या संगीत मंडळाची मंजुरी लागायची. देवव्रत विश्वासांसारख्या लोकप्रिय गायकालाही साथीच्या वाद्यांवरून आक्षेप सोसावे लागले आणि शेवटी त्यांनी रवींद्रसंगीताच्या ध्वनिमुद्रिका काढणंच थांबवलं. ज्या शहरात व्हायोलिन जरा जास्त झालं तर भांडण व्हायचं, तिथे ही मंडळी बंगाली शब्दांना ड्रम्स आणि सॅक्सोफोन लावून उभी राहिली. वर बाउलांचा एकतारी सूरही त्यात मिसळला. आपल्या गाण्यांना ते 'बाउल जॅझ' म्हणत. आपल्याकडे कुणी भारुडाला इलेक्ट्रिक गिटार लावून ते रवींद्र नाट्य मंदिरात सादर केलं असतं, तर पहिल्या रांगेतल्या चेहऱ्यांचं जे झालं असतं, तेच तिथे झालं.

१९७७, १९७८ आणि १९७९. ओळीने तीन वर्षं तीन छोट्या तबकड्या निघाल्या. पहिलीचं नाव 'संविग्न पाखिकुल ओ कलकाता विषयक'. मराठी माणसाला हे नाव अर्धंअधिक समजतंच: अस्वस्थ पक्षिकुळ आणि कलकत्त्याविषयी काही. दुसरीच्या नावात त्यांनी उडत्या तबकडीचं बंगाली लघुरूप करून टाकलं, 'अजाना उड़न्त वस्तु बा अ-उ-ब'. तिसरी 'दृश्यमान महीनेर घोड़ागुलि'.

यातलं आधी ऐकायचं ते पहिल्या तबकडीतलं 'हाय भालोबासि'. पिकासो आवडतो, बीटल्स आवडतात, रविशंकर आवडतात, अशी शहरी शिकलेल्या पोराच्या आवडीनिवडींची यादी अगदी सहज, गुणगुणल्यासारखी चालू होते. ऐकणारा मान डोलवू लागतो आणि तेवढ्यात त्या यादीखालची बेचैनी वर येते. एवढं सगळं आवडतं, तरी मन कशातच का लागत नाही? तुरुंग पाहून आलेल्या माणसाच्या गटाने हे गाणं करावं आणि त्यात एकही घोषणा नसावी, याचं फार कौतुक वाटतं. त्याच तबकडीतलं 'भेसे आसे कलकाता' दुरून आठवणाऱ्या शहराचं गाणं आहे. नोकरीसाठी गाव सोडलेल्या कुणालाही ते शब्द न कळता कळेल.

एक सूचना मात्र आधीच द्यायला हवी. या तबकड्यांचं ध्वनिमुद्रण आजच्या कानांना अगदी बारीक वाटतं. ढोल-ताशासारखा दणका अपेक्षित असेल तर निराशा होईल. सूर कुठे कुठे हलतात. रॉक म्हणजे किंचाळणं, असं ज्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय, त्यांना तर हे रॉक वाटणारच नाही. रात्री, घरातले सगळे झोपल्यावर, हेडफोन लावून ऐकावं. मग व्हायोलिन आणि बासरी कुठून येतात ते कळतं. तिसऱ्या तबकडीतलं 'चैत्रेर काफन' शेवटी ठेवावं. ते पहिल्या फटक्यात आवडणारं गाणं नाही.

लोकांनी काय केलं? थोड्यांनी डोक्यावर घेतलं, बहुतेकांनी नाकं मुरडली. १९७९मध्ये रवींद्र सदनला कार्यक्रम झाला, १९८०मध्ये सेंट पॉल्स कॅथीड्रलला. जॅझ महोत्सवातही बँड वाजला. पण पोट भरेल एवढं यातून कधी मिळालंच नाही. १९८१मध्ये घोडे पांगले. कुणी नोकरीला लागला, विश्वनाथ अमेरिकेत गेला, रंजन घोषाल बंगळूरला. एब्राहमने पाश्चात्त्य संगीत शिकवण्याला वाहून घेतलं. गौतम सिनेमाकडे वळला. त्याच्या 'नागमोती' या बंगाली चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. आसामातल्या कार्बी लोकांमध्ये जाऊन त्याने त्यांच्या गाण्यांवर काम केलं. गाण्याचं दुकान मात्र बंद झालं, असंच सगळे समजून चालले.

मग १९९२ आलं. सुमन चट्टोपाध्याय (आजचे कबीर सुमन) यांचा 'तोमाके चाइ' आला आणि बंगाली माणसाला एकाएकी नव्या गाण्यांची भूक लागली. तेव्हा एक गंमत उघडकीला आली. महीनच्या घोड्यांची ती न खपलेली गाणी कॉलेजांच्या कँटीनमधून तोंडोतोंडी चालूच होती! ज्या पोरांनी मूळ तबकडी डोळ्यांनी पाहिली नव्हती, ती टेबल बडवत ही गाणी गात होती.

इथे दुसरा कुणी असता तर जुन्या मंडळींना गोळा करून 'पुनरागमन' साजरं केलं असतं. गौतमने वेगळीच युक्ती काढली. १९९५मध्ये 'आबार बछर कुड़ि परे' ही कॅसेट आली. हे नावही जीवनानंदांच्याच कवितेतलं: पुन्हा वीस वर्षांनी. पुढे १९९६मध्ये 'झरा समयेर गान', १९९७मध्ये 'माया', १९९८मध्ये 'ख्यापार गान'. या कॅसेटांवर लिहिलेलं असे 'महीनेर घोड़ागुलि सम्पादित'. गायलेली नाही, संपादित! आपल्याकडे दिवाळी अंकाचा संपादक जसा चार नव्या लेखकांना चार नामवंतांच्या शेजारी बसवतो, तसं गौतमने 'क्रॉसविंड्झ'सारख्या गटांना आणि कितीतरी कोवळ्या, अनोळखी आवाजांना या कॅसेटांत जागा दिली. स्वतः गायला, पण मधेमधे. मुखपृष्ठावर नाव बँडचं, आत मैफल सगळ्यांची.

नवख्यांची सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. मोबाइलवर 'महीनेर घोड़ागुलि' असा शोध घेतला की सत्तरच्या दशकातली आणि नव्वदच्या दशकातली गाणी एकाच रांगेत येतात. ऐकणारा समजतो, सगळं एकाच गटाचं आणि एकाच गायकाचं. मग एकात गिटार एवढी झकास आणि दुसऱ्यात आवाज विहिरीतून आल्यासारखा का, असा त्याला प्रश्न पडतो. साल पाहावं, म्हणजे गोंधळ मिटतो. १९७७ ते ७९ ते मूळचे सातजण. १९९५च्या पुढची ती मणिदाची पंगत, आणि वाढायला तो स्वतः.

ज्यांना उलट्या क्रमाने जायला आवडतं त्यांनी 'पृथिबीटा नाकि'ने सुरुवात करावी. चाल आधीच पाठ आहे, त्यामुळे कान शब्दांकडे वळतात. प्रीतमही त्याच प्रेसिडेन्सी कॉलेजचा विद्यार्थी, नंतर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनिमुद्रण शिकलेला. म्हणजे ही चाल कुठल्या परक्या मुलखातून आलेली नाही, त्याच्याच शहराच्या हवेतली आहे. पण चाल तीच असून गाणं किती बदलतं, हे पाहण्यासारखं आहे. एकाच चालीवर एकीकडे प्रेयसीसाठी झुरणं, दुसरीकडे टीव्हीपुढे बसलेल्या कुटुंबाची थट्टा. हिंदी गाणं कोट्यवधींनी ऐकलं. त्यातल्या किती जणांना मूळ गाण्याचं नाव माहीत आहे?

गौतम गेल्यावर बंगाली बँडचं पीक तरारून आलं. 'भूमि', 'फॉसिल्स', 'कॅक्टस', 'चंद्रबिंदू' या नावांनी दोन हजार सालानंतरची बंगाली तरुणाई वेडी झाली. गौतमचा मुलगा गौरव 'लक्खीछाड़ा' या बँडचा ड्रमर झाला. लक्ष्मीने टाकलेला, उडाणटप्पू, असा त्या नावाचा अर्थ. बापाला नक्की आवडलं असतं.

मूळच्या सातांपैकी रंजन घोषाल जुलै २०२०मध्ये बंगळूरला गेला. तापस दास, सगळ्यांचा 'बापीदा', शेवटपर्यंत गात राहिला. त्याला फुप्फुसाचा कर्करोग झाला तेव्हा उपचारांसाठी पैसे उभे करायला गाणाऱ्यांनी कार्यक्रम केले, राज्य सरकारनेही उपचारांची जबाबदारी घेतली. आजार बळावल्यावरही तो मंचावर उभा राहून गायला. समोरची बरीचशी पोरं १९९९ नंतर जन्मलेली. त्यांनी मणिदाला पाहिलेलं नव्हतं, पण गाणी त्यांना तोंडपाठ होती. २५ जून २०२३ रोजी बापीदाही गेला.