ऐकणे आणि करणे यांच्यामधला वेळ

१६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यात डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले गावात जमावाने दोन साधूंना आणि त्यांच्या गाडीच्या चालकाला ठेचून मारले. टाळेबंदी होती. गुरूंच्या अंत्यविधीसाठी ते कांदिवलीहून सुरतेकडे आडवाटेने निघाले होते. मुले पळवणारी, किडनी काढणारी टोळी फिरते आहे, ही आवई त्याआधीच पाड्यापाड्यांत पोचली होती, काही मोबाइलवरून, काही तोंडोतोंडी. आणि लोक रात्र रात्र गस्त घालत होते. वनखात्याच्या चौकीतून पोलिसाचा हात धरून बाहेर येणारे सत्तरीचे साधू सगळ्या महाराष्ट्राने चित्रफितीत पाहिले. पुढचे मात्र आपण विसरलो. मारेकरी अमुक धर्माचे असल्याचे संदेश बघता बघता देशभर फिरू लागले. तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून त्यात एकही मुसलमान नाही, हे सांगावे लागले. एका अफवेने तिघांचे प्राण घेतले, दुसरी त्यांच्या मृत्यूवर पोसली गेली. पहिली पसरवणाऱ्यांना अडाणी म्हणून मोकळे होता येते. दुसरी पसरवणारे शिकलेसवरलेले होते, आणि त्यातले कितीतरी जण धर्माच्या कळवळ्याने बोलत होते.

म्हणूनच विचारायला हवे की, धर्माने शहाणपण म्हणजे नेमके काय सांगितले आहे? गीतेचा प्रसंग पाहा. शंख वाजून गेलेले, दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी. याहून घाईची वेळ कोणती असेल? तरी कृष्ण अठरा अध्याय बोलतो आणि शेवटाकडे अर्जुनाला सांगतो की, याचा पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल तसे वाग. नुसती आज्ञा देऊन काम भागले असते. त्याने विचाराला जागा ठेवली. याच जिल्ह्यातल्या वसईच्या चर्चांमधून वाचल्या जाणाऱ्या बायबलात शलमोन राजाला देव स्वप्नात वर मागायला सांगतो. राजा धन मागत नाही, दीर्घायुष्य मागत नाही. न्याय करता यावा म्हणून तो जे मागतो, त्याला मूळ हिब्रूत ‘ऐकणारे हृदय’ असे शब्द आहेत. आपल्या परंपरेतही श्रवणानंतर मनन येते आणि त्यानंतर निदिध्यासन. वाटा वेगळ्या असल्या तरी ऐकणे आणि करणे यांच्यामध्ये या सगळ्यांनी मुद्दाम वेळ ठेवला आहे. विवेक राहतो तो त्या वेळात. हातातल्या फोनने हिरावला आहे तो हाच वेळ. गीतेत काय सांगितले आहे, असे आता फोनलाच विचारता येते आणि दोन सेकंदांत उत्तर येते. ते बरोबरही असेल. पण अर्जुनाला जे सोसावे लागले, त्यातले काहीच आपल्याला सोसावे लागलेले नसते.

यावर बोईसरचा एखादा कामगार म्हणेल की, वेगानेच जीव वाचतात. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत वायुगळती झाली, तर लोकांनी मनन करत बसायचे का? नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत जमीन हादरते आहे, तेव्हा घराबाहेर पळायला विचार कशाला? आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर तारापुरातच आहे. १९६९ साली सुरू झालेले तिथले अणुऊर्जा केंद्र घ्या. अणुभट्टीत काही बिघडल्याची खूण मिळताच ती काही क्षणांत आपोआप बंद होते, माणसाच्या होकारासाठी थांबत नाही. पण बंद पडलेली भट्टी पुन्हा सुरू करताना कारण शोधावे लागते, तपासण्या होतात, जबाबदार माणसांच्या सह्या लागतात. थांबण्यात घाई, सुरू करण्यात सबुरी! शिवाय ती क्षणातली कृतीही कोणीतरी वर्षानुवर्षे विचार करून आखून ठेवलेली असते. पळा, थांबा, दूर व्हा, हे सांगणारा संदेश वेगाने जायलाच हवा. पकडा, मारा, बहिष्कार टाका, हे सांगणाऱ्या संदेशाला तो मान द्यायचे कारण नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. अफवा फोनच्या आधीपासून आहेत आणि श्रद्धाच त्यांना खतपाणी घालते. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो ही बातमी एका दिवसात देशभर गेली, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप कुठे होते? कबूल. भाविक असणे आणि शहाणे असणे एक नव्हे. पण त्या दिवशी फार तर दूध सांडले. अंतर पडते ते वेगाचे, आणि तो वेग कमी करता येतो याला पुरावा आहे. एप्रिल २०२० मध्ये, गडचिंचलेच्या थोडेच आधी, व्हॉट्सअ‍ॅपने फार वेळा पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे बंधन घातले. असे संदेश सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीनेच पुढे सांगितले. कोणाचे मतपरिवर्तन झाले नव्हते, फक्त एक बोट जास्त हलवावे लागत होते. माझ्या मते लोक मुळात वाईट नाहीत, त्यांना क्षणभर अडवणारे कोणी उरलेले नाही. सरकारलाही हे लागू आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये याच पालघरमध्ये एका बंदबद्दल फेसबुकवर प्रश्न विचारणारी एक मुलगी आणि तो मजकूर आवडल्याची खूण करणारी तिची मैत्रीण, दोघींना लगोलग अटक झाली. एकीच्या काकांचे रुग्णालय फोडले गेले. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ज्या कलम ६६ अ चा हा वापर होता, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केले. अटकेला एक दिवस, न्यायाला सव्वादोन वर्षांहून अधिक.

पूर्वी गावात अडवणारी माणसे असत. ती अजूनही आहेत. गडचिंचलेच्या त्या रात्री सगळेच दगड घेऊन धावले नव्हते. गावच्या महिला सरपंच गाडीपाशी गेल्या आणि पोलीस येईपर्यंत जमावाला थोपवत राहिल्या, असे त्यांनी नंतर माध्यमांना सांगितले. आतल्या माणसांना त्यांनी विचारले की, तुम्ही कोण, कुठून आलात, कुठे चाललात?