रोपाची आई कोण, ते आधी सांगा!

परवा धानोऱ्याच्या रस्त्यावर मोसंबीच्या रोपांनी भरलेली पिकअप उभी होती. "घ्या भाऊ, जातिवंत माल आहे." मी विचारलं, डोळा कुठल्या झाडाचा? तो हसला. "पत्रकार दिसता," म्हणे.

हसायला काय झालं? 2013 साली अशाच एका गाडीवरून मी दीडशे रोपं घेतली होती. सहाव्या वर्षी पानं अर्धी पिवळी, अर्धी हिरवी. फळं वाकडी, बुडाशी हिरवीच राहायची. झिंक फवारलं, बोर्डो लावलं. शेवटी तपासणीत निघालं ग्रीनिंग. त्याला औषध नाही. जेसीबी लावून झाडं काढली. पावतीवर फक्त "मोसंबी रोपे" एवढंच लिहिलेलं, नर्सरीचं नावसुद्धा नाही. भांडणार कोणाशी?

मोसंबी-संत्र्याचं रोप डोळा भरून करतात. मातृवृक्ष आजारी असला तर त्याचा प्रत्येक डोळा आजार घेऊनच जातो आणि एका झाडावरून शेकडो बागा बाधित होतात. (कागदी लिंबाचं बरं आहे, ते बहुतेक बियांपासून करतात आणि ट्रिस्टेझाचा विषाणू बियांतून येत नाही. पण रोपं उघड्यावर वाढवली की मावा तो आणून सोडतोच.)

यावर उपाय जुनाच आहे. 1970 च्या दशकात अमेरिकेत पद्धत बसली, स्पेनने त्यावर आपल्या बागा सावरल्या. आपल्या नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळे संशोधन संस्थेतही हे काम होतं. फांदीच्या अगदी टोकाच्या वाढणाऱ्या बिंदूपर्यंत विषाणू सहसा पोचत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाएवढं ते टोक कापायचं आणि काचनळीत अंधारात वाढवलेल्या जंबेरीच्या कोवळ्या रोपावर बसवायचं. बरीच कलमं मरतात. जी जगतात त्यांची तपासणी करायची, आणि निरोगी ठरलेलं झाड कीटकरोधक जाळीघरात मातृवृक्ष म्हणून ठेवायचं. पुढचे डोळे त्याचेच. म्हणजे प्रत्येक शेतकऱ्याला प्रयोगशाळेतलं रोप लागत नाही, लागतात ती शुद्ध मातृवृक्षांची मोजकी झाडं. महाग पडेल म्हणणाऱ्यांनी आधी हे समजून घ्यावं.

असं रोप लावलं तरी सायला किडीचा बंदोबस्त करावाच लागेल, नाहीतर ग्रीनिंग शेतात परत येईल. ते कबूल. पण आजार विकत कशाला घ्यायचा?

फळरोपवाटिकांना परवाना लागतो, हा कायदा राज्यात 1969 पासून आहे. 9 ऑगस्ट 2024 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने स्वच्छ रोप कार्यक्रमाला 1,765.67 कोटी मंजूर केले. छान! पण नागपूर आमच्यापासून 500 किलोमीटरच्या वर. सातपुड्याच्या पायथ्याचा माणूस पन्नास रोपांसाठी तिकडे जाणार का? तो पिकअपवाल्याकडेच जाणार, आणि मग आपण त्यालाच अडाणी म्हणणार.

माझं म्हणणं एवढंच: तपासलेल्या मातृवृक्षांचं एक जाळीघर नंदुरबार जिल्ह्यात हवं. कोळद्याच्या कृषी विज्ञान केंद्रात करा, नाहीतर दुसरीकडे करा. आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक रोपावर खुंट कुठला, डोळा कुठला, तपासणी कधीची, याची चिठ्ठी लावा. अनुदानाच्या लागवडीत तर ही चिठ्ठी बघितल्याशिवाय हप्ता सोडूच नका. हेक्टरचं उद्दिष्ट कागदावर पूर्ण होतं, झाडं सहाव्या वर्षी मरतात, तेव्हा फाइल बंद झालेली असते.

येत्या सोमवारी सकाळी 11 वाजता जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात निवेदन देतोय. ज्यांच्या बागा गेल्या त्यांनी पिवळ्या पानांचे फोटो आणि असेल ती पावती घेऊन यावं. पावती नसेल तरी या.