पाच टक्क्यांची हमी

मुक्त बाजाराचा कैवारी असलेला अर्थशास्त्राचा मास्तर ठाणे-कल्याण-डोंबिवलीत आता दुर्मीळ राहिलेला नाही. पूर्वी मराठी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारा म्हटला की तो समाजवादी, निदान नियोजनवादी तरी असणार, असे धरून चालत. 1991 नंतर शिकलेली पिढी आज फळ्यापाशी उभी आहे. परमिट-राज तिने वडिलांच्या तोंडून ऐकले आहे, स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावण्याच्या गोष्टींतून. हा मास्तर सकाळी कला शाखेच्या अकरावी-बारावीला मागणी-पुरवठा शिकवतो आणि संध्याकाळी स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये इतिहास घेतो.

आम्हाला हा मास्तर आवडतो. गाइडमधले मुद्दे फळ्यावर उतरवून मोकळा होणाऱ्यापेक्षा मत असलेला मास्तर केव्हाही बरा. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली तेव्हा डोंबिवलीच्या वर्गात त्या बंदीविरुद्ध बोलायला धमक लागत होती. समोर बसलेल्या मुलांच्या घरी कांदा उतरल्याचा आनंद होता. नाशिकचा शेतकरी नात्यागोत्यात असेल तरच या मुलांना भेटतो. ग्राहकांच्या शहरात उत्पादकाची बाजू मांडणे म्हणजे आपल्याच फी भरणाऱ्यांच्या विरोधात बोलणे. ते त्याने केले. मे 2024 मध्ये बंदी उठली, पण किमान निर्यात मूल्याचे आणि 40 टक्के शुल्काचे लोढणे गळ्यात राहिले, हेही त्याने सोडले नाही.

आमची तक्रार वेगळी आहे. सकाळचा मास्तर आणि संध्याकाळचा मास्तर यांची एकमेकांशी ओळख नाही. सकाळी सरकारने बाजारात हात घालू नये म्हणणारा हा माणूस संध्याकाळी बलाढ्य राज्यकर्त्यांच्या गुणगानात रंगतो. त्यांनी जकाती कशा बसवल्या, मक्ते कोणाला दिले, व्यापाऱ्याला कुठे अडवले, हे त्याच्या इतिहासात येतच नाही. आणि सकाळच्या अर्थशास्त्रात त्याचा स्वतःचा दिवस येत नाही.

त्याचा दिवस रिक्षाच्या रांगेपासून सुरू होतो. राज्य सरकारने 2017 मध्ये रिक्षा परवान्यांवरची मर्यादा उठवली. पुस्तकाप्रमाणे पुरवठा वाढला की भाव उतरायला हवा. रिक्षा वाढल्या, भाडे उतरले नाही. फेब्रुवारी 2025 पासून मीटरचा पहिला टप्पा 23 वरून 26 रुपयांवर गेला. कारण परवाना खुला झाला तरी भाडे परिवहन प्राधिकरणच ठरवते. भाव हलत नसला की बाकी सगळे हलते. रिक्षावाल्याच्या फेऱ्या कमी होतात, स्टँडवर तो ताटकळतो, शेअरची रिक्षा भरल्याशिवाय जागची निघत नाही आणि चौथी सीट पुढे, चालकाच्या मांडीला मांडी लावून, एक पाय बाहेर काढून बसते. अर्ध्या सुधारणेचा इतका चांगला धडा बारावीच्या पुस्तकात नाही. मास्तर त्या चौथ्या सीटवर बसून कॉलेजला येतो आणि वर्गात लवचिकता शिकवताना उदाहरण देतो चहा आणि कॉफीचे!

मग लोकल. ही लोकल त्याच्या दोन्ही विषयांची सामाईक मालमत्ता आहे. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, 1 मे 1854 रोजी रूळ कल्याणला पोचले. तीन इंजिने आणि चारशे पाहुणे सगळ्यांना पाठ असतात. ही रेल्वे सरकारने काढली नव्हती, ती काढली ग्रेट इंडियन पेनिन्सुला नावाच्या खासगी कंपनीने, असे सांगताना आमच्या मास्तराची छाती थोडी फुगते. इथे त्याने थांबू नये. ईस्ट इंडिया कंपनीशी 1849 मध्ये झालेल्या करारात भागधारकांना भांडवलावर 5 टक्के व्याजाची हमी होती. जमीन सरकारने फुकट द्यायची. कमाई 5 टक्क्यांच्या खाली गेली तर तूट इथल्या महसुलातून भरायची, म्हणजे शेवटी रयतेच्या शेतसाऱ्यातून. भागधारक बहुतेक विलायतेत. खर्च वाढला तरी त्यांची झोप उडण्याचे कारण नव्हते, आणि खर्च वाढलाच. नफा खासगी आणि जोखीम सार्वजनिक, असा तो व्यवहार होता. दादाभाई नौरोजींनी देशाबाहेर वाहून जाणाऱ्या संपत्तीचा जो हिशेब मांडला, त्यात रेल्वेच्या या व्याजालाही जागा होती.

यात मुक्त बाजाराची बदनामी नाही. उलट खऱ्या बाजारवाद्याने सगळ्यात मोठ्याने ओरडावे असे हे प्रकरण आहे. पण ते तो शिकवत नाही. खासगी म्हणजे मुक्त, असे समीकरण एकदा डोक्यात बसले की करारपत्र वाचायची गरज उरत नाही.

हमीचा विषय निघालाच आहे तर मार्च 2023 आठवावा. 14 तारखेपासून राज्यातले सरकारी-निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले, 20 तारखेला संप मिटला. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा तेव्हा गावोगाव दुमदुमत होती. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांच्या नशिबी अंशदायी पेन्शन आली. तिचा पैसा बाजारात गुंतवला जाई आणि म्हातारपणी हाती काय येईल ते बाजार ठरवणार होता. मागणी होती ती ठरावीक पेन्शनची, बाजार चढो की पडो. म्हातारपणाची काळजी कोणाला नसते? मागणीला आमची हरकत नाही. पण वर्षभर ‘जोखीम घ्या, पोरांनो’ म्हणून सांगणारे मास्तरही त्या संपात घोषणा देत असतील, तर पुढच्या सोमवारी वर्गात त्यांनी या दोन हमींची तुलना करायला हवी होती: लंडनच्या भागधारकाची 5 टक्क्यांची आणि आपली. कदाचित दोन्हींत फरक निघेल. आजच्या कामाचे उद्या मिळणारे वेतन आणि भांडवलावरचे बिनधोक व्याज एकच नव्हेत, असा युक्तिवाद करता येतो, आणि तो वाईट नाही. तो मुलांसमोर व्हावा, एवढेच.

स्टाफरूममध्ये त्याच टेबलाशी आणखी एक मास्तर बसलेला असतो. तो घड्याळी तासिका तत्त्वावर आहे, म्हणजे सीएचबी. तासाला ठरलेले पैसे. सुट्टीत काही नाही, परीक्षेच्या महिन्यात जवळजवळ काही नाही. बिल मंजूर होऊन पैसे हातात पडायला महिने लागतात. सकाळी कल्याणला दोन तास, दुपारी ठाण्यात एक, संध्याकाळी क्लास. कायम असलेला मास्तर स्पर्धेचे गुण सांगतो तेव्हा हा डब्याचे झाकण लावत असतो, कारण त्याला 1:12 ची गाडी पकडायची असते. बाजारावरची श्रद्धा बहुधा कायम नोकरीत असलेल्यांना परवडते. अर्थात सीएचबीवाल्याच्या अवस्थेचे खापर बाजारावर फोडणेही सोपे नाही. त्याचा दर सरकार ठरवते, रिकाम्या जागा भरायच्या की नाही हेही सरकारच ठरवते. एकच मोठा गिऱ्हाईक असलेल्या बाजारात विक्रेत्याचे काय होते, ते तो अंगावर काढतो आहे. संध्याकाळी क्लासमध्ये त्याचे नाव चालते, मुले त्याच्यासाठी बॅच बदलतात. तिथे तोही बाजाराचे गुण गातो, आणि त्याच्या तोंडी ते जास्त शोभतात.

इतिहासाकडे वळतो. कल्याणमध्ये बसून परदेशी व्यापार शिकवायचा आणि ‘पेरिप्लस’चे नाव घ्यायचे नाही, हे आम्हाला नवल वाटते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या या ग्रीक खलाशी-पुस्तिकेत कल्याणचा उल्लेख आहे, आणि तो निर्बंधांबद्दल आहे. आधीच्या एका राजाच्या काळी हे रीतसर खुले बंदर होते; सत्ता बदलली आणि व्यापार अडवला गेला; ग्रीक जहाज चुकून आलेच तर पहाऱ्यात भडोचला नेले जाई, असा त्याचा मतलब आहे. व्यापार वळवण्याचे याहून जवळचे उदाहरण दुर्गाडीच्या खाडीवर उभे राहून मिळणार नाही.

दुसरा कागद अवघड आहे, म्हणूनच महत्त्वाचा. शिवाजी महाराजांनी 1671 मध्ये कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना मिठाबद्दल पत्र पाठवले. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशचे मीठ स्वस्त पडत होते, व्यापारी तेच उचलत होते आणि स्वराज्यातल्या संगमेश्वराकडचे मीठ पडून राहण्याची भीती होती. बारदेशच्या मिठावर अशी जबर जकात बसवा की ते आपल्या मिठाहून महाग पडावे, अशी आज्ञा झाली. हे सरळसरळ संरक्षक शुल्क आहे. बाजारवादी मास्तर या पत्राला बगल देतो, कारण सकाळच्या न्यायाने त्याला इथे ‘मीठ खाणाऱ्याचे काय?’ असे विचारावे लागेल, आणि संध्याकाळच्या वर्गात ते विचारण्याची सोय नाही. स्वदेशीवाला मास्तर हेच पत्र झेंड्यासारखे फडकवतो आणि तोही तो प्रश्न विचारत नाही. शेजारी पोर्तुगीजांसारखी आरमारी सत्ता, मिठागरांवर पोट असलेली कोकणची प्रजा, बंदरांचे उत्पन्न, आणि दुसऱ्या पारड्यात घाटावरच्या गिऱ्हाईकाचा खिसा, हे सगळे तोलायला लावले तर महाराजांचा मोठेपणा तसूभर कमी होत नाही. मुलांना राज्यकारभार म्हणजे काय ते कळते.

हे दोन विषय एकत्र शिकवता येतात याचे दाखले महाराष्ट्रातच आहेत. न्यायमूर्ती रानड्यांनी 1892 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात व्याख्यान देऊन, विलायती अर्थशास्त्राचे नियम सर्वत्र जसेच्या तसे लागू होत नाहीत असे बजावले. मराठ्यांच्या सत्तेच्या उदयाचा इतिहास लिहिणारे रानडे तेच. दुसऱ्या टोकाला शरद जोशी. सरकारने शेतमालाच्या बाजारातून हात काढावा म्हणून ते आयुष्यभर भांडले, आणि ‘शेतकऱ्यांचा राजा शिवाजी’ लिहिताना त्यांनी तोच शेतकरी मध्यभागी ठेवला. दोघांची मते एकमेकांना छेदणारी, पण दोघांनीही सकाळची वही संध्याकाळी बंद केली नाही.

तेव्हा सूचना अशी: बारावीचे परदेशी व्यापाराचे प्रकरण उघडण्याआधी एक तास कल्याण बंदराला, एक कुडाळच्या मिठाला आणि एक 1849 च्या करारपत्राला द्यावा. पोर्शन पुरा होणार नाही, ही सबब येईलच. पोर्शन डिसेंबरातच संपलेला असतो. जानेवारीभर मुले ‘सहमत की असहमत, सकारण लिहा’ची छापील उत्तरे घोकत असतात, आणि त्यातल्या बहुतेकांची सुरुवात ‘होय, मी या विधानाशी सहमत आहे’ अशी असते.