चिप बदलू नका

चिपट्यून रचनांसोबत वाचकांची जी पत्रं येतात त्यांत एक तक्रार हमखास असते: ट्रॅकर हाताळता येतो, पण मिनिटभराची रचना पुरी व्हायला आठवडा जातो. फाइल उघडली की वेळ कुठे गेला ते कळतं. सुरावटीत नाही, आवाज निवडण्यात. फर्नेससारख्या ट्रॅकरमध्ये आता कितीतरी चिप एकाच ठिकाणी मिळतात, दोन-तीन जोडूनही घेता येतात. मग लीडला कोणती शोभेल यातच संध्याकाळ सरते.

आमचं मत विचाराल तर झटपट काम उरकायचं असेल तेव्हा फॅमिकॉमची २ए०३ घ्या आणि तिच्याबाहेर पाऊल टाकू नका. दोन पल्स, एक ट्रँगल, एक नॉइज. सॅम्पलचा पाचवा चॅनेल तूर्त बंद. पल्सच्या ड्यूटी चार, त्यांतल्या २५ आणि ७५ टक्के कानाला सारख्याच. ट्रँगलचा आवाज तर कमी-जास्तही करता येत नाही. ठरवण्यासारखं फारसं उरतच नाही, म्हणून हात चालतो.

कार्स्टेन ओबार्स्की यांनी १९८७ साली अमिगासाठी अल्टिमेट साउंडट्रॅकर आणला, त्यात एका पॅटर्नमध्ये चारही चॅनेल एकत्र बांधलेले होते. फॅमिट्रॅकरमध्ये प्रत्येक चॅनेलच्या पॅटर्नचा क्रमांक वेगळा. बेस आणि ठेका तसाच ठेवून नुसता लीड बदला, काम झालं. तरीही बरेच जण अख्खी फ्रेम नव्याने भरत बसतात. का, देव जाणे!

जरा हिशेब मांडू. स्पीड ६, टेम्पो १५० या मूळ सेटिंगवर एक ओळ ०.१ सेकंदाची. ६४ ओळींचा पॅटर्न ६.४ सेकंदांत संपतो; आठ फ्रेम म्हणजे ५१ सेकंद. तेवढ्याला लीडचे चार पॅटर्न, बेसचे दोन आणि नॉइजचा एक पुरे.

सुरुवात लीड आणि बेसने करा. आधी ठेका बसवला की तोच ऐकत डोलायला होतं आणि चाल काही सुचत नाही. लीड तयार झाला की त्याचा स्तंभ दुसऱ्या पल्सवर चिकटवा, तीन ओळी खाली सरकवा, व्हॉल्यूम सी असेल तिथे ५ करा. प्रतिध्वनी तयार. कॉर्ड हवी तिथे ०४७ कमांड: सा, शुद्ध गंधार, पंचम एकाच चॅनेलवर भराभर फिरतात, या स्पीडला एका ओळीत दोन फेऱ्या. ०३७ केलं की गंधार कोमल. मात्र हे सरसकट लावू नका, कान किटतात. किकसाठी वेगळा चॅनेल लागत नाही. ट्रँगलवरच झपकन खाली घसरणारा स्वर एका ओळीपुरता वाजवा, पुढच्या ओळीला बेस परत.

वाचलेला वेळ पुनरावृत्तीवर खर्च करा. तोच पॅटर्न चौथ्यांदा आला की ऐकणाऱ्याचं लक्ष उडतं, आणि आलेल्या बहुतेक रचना नेमक्या तिथेच ढेपाळतात. लांब स्वराला दोन ओळी उशिराने व्हायब्रेटो द्या, शेवटच्या आठ ओळींत बेस गप्प करा, एखाद्या फ्रेमला प्रतिध्वनी काढून टाका. पाचेक मिनिटांचं काम आहे.

पुढच्या अंकासाठी रचना पाठवताना एमपी३ नको, मॉड्यूलची फाइलच पाठवा. कुठे काय अडलं ते ओळी पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.