पदराआडचा चट्टा

नई सडकेवरील एका परिचित घरात लेकीच्या दंडावर फिकट, बधिर चट्टा उमटला. लग्न ठरेपर्यंत तो पदराआड ठेवावा असे घरच्यांनी ठरविले. ऐकून आमच्या काळजात धस्स झाले. रोगामुळे नव्हे, या झाकपाकीमुळे! कुष्ठजंतू शरीरात कधी वीस वर्षेही निपचित राहतो. मग मूळ शोधावे कोठे? अमेरिकेतील फ्लोरिडात हा रोग विरळा. तेथील आर्माडिलो या कवचधारी प्राण्यात हा जंतू आढळतो. तथापि २०२३ साली नोंदलेल्या तेथील एका रुग्णाचा ना प्रवास घडला होता, ना त्या प्राण्याशी संबंध. आपल्याकडे तो उपचाराविना राहिलेल्या रुग्णाच्या दीर्घ सहवासातूनच बहुधा पसरतो, हातात हात दिल्याने नव्हे. औषध सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते, आणि ते सुरू होताच संसर्गाचे भय सरते. मुलगी आता गोळ्या घेते. वरपक्षास सांगण्यावरून आजीबाई मात्र अजून अडून आहेत.