नकाशाचा मालक नामानिराळा

इंटरनेटच्या नकाशावर ग्राहकाने बँकेच्या शाखेचा दूरध्वनी क्रमांक शोधावा आणि पलीकडून ठकसेनाने त्याच्या खात्याचा तपशील काढून घ्यावा, असे प्रकार २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांसमोर आले. त्यासाठी बँकेची संगणक यंत्रणा भेदावी लागली नव्हती. गुगलच्या नकाशावरील नोंदीत कोणालाही दुरुस्ती सुचवता येते. त्या सोयीचाच हा गैरवापर होता. बनावट दुकाने नोंदवून आणि विकतचे अभिप्राय मिळवून शोधयादीत वर चढण्याचा धंदाही अशाच ढिलाईवर पोसला जातो.

डिसेंबर २००८ मध्ये लोकसभेने चर्चेविना संमत केलेल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातील दुरुस्तीने तोतयासाठी कलम ६६ डीखाली तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. त्याच दुरुस्तीतील कलम ७९ ने मध्यस्थ कंपन्यांना मात्र 'योग्य दक्षते'च्या अटीवर संरक्षण दिले. ऑनलाइन अभिप्रायांसाठी २०२२ मध्ये आणलेले भारतीय मानकही ऐच्छिकच ठेवण्यात आले. नोंदीतील क्रमांक बदलण्यापूर्वी मूळ मालकाकडून खातरजमा करणे, हा या दक्षतेचा किमान अर्थ ठरला पाहिजे आणि तो संसदेनेच स्पष्ट केला पाहिजे. अन्यथा ठकसेन सापडेपर्यंत भुर्दंड ठेवीदाराला आणि नकाशाचा मालक नामानिराळा, हेच चालू राहील.